बसच्या टपावरचं पुरुमेंत

दिवाळी अंकाच्या माणसाने सांगितलं, तुम्ही बोलता तसं लिहा. बोलतो तसं लिहायला घेतलं तर अर्ध्या ओळीवर उठतो. विहिरीपर्यंत जाऊन येतो. रस्त्यावर गाडीचा आवाज आला तर कोणाची ते बघून येतो. परत बसतो. बायको गेल्यापासून हे असंच चाललंय, एका जागी बूड टेकत नाही. त्यात चौथीपर्यंत शिकलेला माणूस. तेव्हा वाचताना मध्येच कुठे उडी मारल्यासारखं वाटलं तर मी तिथे उठून गेलो होतो असं समजा.

मी ड्रायव्हर. आधी डिचोलीकडे खाणीवर टिपर चालवायचो. खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्यातले काही मुंबईला गेले, काही दारूत गेले. मी आमच्या पेडण्यात परत आलो आणि एका हायर सेकंडरी शाळेची बस हातात घेतली. लोक म्हणायचे, बरं झालं, हलकं काम मिळालं. हलकं कसलं. खनिज भरलं, खाली केलं, संपलं. खनिज उलटी करत नाही. खिडकीतून हात बाहेर काढत नाही. आणि खनिजाची आई फोन करून विचारत नाही की आज आमचं पोर गाडीत गप्प का होतं.

शाळेच्या बसवर ड्रायव्हर एकटा चालत नाही. सोबत एक बाई लागते. पोरांना चढवायचं, उतरवायचं, रस्ता ओलांडून द्यायचा, कोण आलं कोण नाही ते बघायचं. आधीची बाई लग्न होऊन गेली तेव्हा मी माझ्या बायकोचं, सुमतीचं नाव दिलं. संस्थेचे मॅनेजर म्हणाले, नवरा-बायको एका गाडीवर नको, घरची भांडणं गाडीत येतील. आली ना. पोरांची फुकट करमणूक झाली. ती मागच्या दाराशी उभी राहायची आणि पत्र्यावर हात मारायची. एकदा मारला की थांब, दोनदा मारला की सोड. माझे कान त्या हाताला इतके सवयीचे झाले की पोरांचा दंगा कितीही असो, ती थाप ऐकू येणारच.

ती माघात गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि परत आणली ती तशी. पोरगा लंडनला असतो. पोचेपर्यंत अग्नी दिलेला होता, बाराव्यापर्यंतच्या दिवसांना होता. त्याला मी काही बोललो नाही. गाडीवर नवी मुलगी आली, चांगली मुलगी, पण ती शिटी वाजवायची. शिटीवर मला गाडी सोडता येईना. क्लचवरचा पाय उचलायचाच नाही. शिमग्यापर्यंत रेटली, मग एक दिवस चावी ऑफिसच्या टेबलावर ठेवली आणि घरी चालत आलो.

असो. अंकाच्या माणसाला नोकरीतलं हवंय, माझं रडगाणं नको. तर सुमती गाडीवर होती तेव्हाच्या मे महिन्यातल्या क्लासचं सांगतो.

आमच्याकडे सरकारी शाळेत पोरं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीला अचानक सगळं इंग्लिश. दहावीपर्यंत पाठ करून निभतं. अकरावी सायन्सला निभत नाही. फिजिक्सचे सर म्हणायचे, जूनमध्ये बसतात आणि दिवाळीत रडतात. म्हणून त्यांनी सुट्टीतला क्लास काढला. दहावीचं जे कच्चं राहिलं ते पक्कं करायचं, अकरावीचं थोडं पुढचं बघायचं. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री. शेवटी टेस्ट. टेस्टमध्ये पडला त्याने कॉमर्स नाहीतर आर्ट्स बघावं. आणि सर कडक. दोनदा दांडी मारली की नाव कापलं, मग आईबाप येऊन पाया पडले तरी नाही.

सुट्टी म्हणून घरी झोपायचं सोडून आम्हालाही गाडी काढायला लागली. मी वैतागलो. सुमतीला विचारलं, हे सर पोरांना मे महिन्यात कशाला छळतात. ती म्हणाली, "पुरुमेंत करतत."

बाहेरच्या लोकांना हा शब्द ठाऊक नसेल. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मे महिना लागला की आमच्याकडे प्रत्येक घराच्या अंगणात काहीतरी वाळत असतं. मिरच्या, चिंच, सुके बांगडे, भिरंडाची सोलां, म्हणजे तुमची कोकमाची आमसुलं. एकदा पाऊस लागला की मग घरात जे आहे त्यावर चार महिने काढायचे. सुमतीने त्या क्लासचं नावच ते पाडलं. पोरंही म्हणायला लागली. गाडीत चढताना एक दुसऱ्याला विचारणार, "काय रे, आज पुरुमेंताक केमिस्ट्री काय मॅथ्स?"

त्या क्लासात एक से एक नमुने यायचे. एक मोरजीचा मुलगा होता, तो मांद्र्याच्या तिठ्यावर गाडी पकडायचा. शिरगावच्या लईराईचा धोंड. सुमतीचं माहेर शिरगावचं, त्यामुळे तिला तो फार आवडायचा. धोंड म्हणजे देवीचा व्रतस्थ, जत्रेच्या आधी सोवळ्यात राहतो आणि जत्रेला पेटत्या निखाऱ्यांतून चालतो. जत्रा नेमकी क्लासच्या दिवसांत. सुमती त्याच्यासाठी पुढची सीट पाण्याने पुसायची आणि बाजूला कोणाला बसू द्यायची नाही. तर केमिस्ट्रीच्या मॅडमनी त्याला सांगितलं, स्पिरिटचा दिवा पेटव. हा हात मागे घेऊन उभा. मॅडम म्हणाल्या, घाबरतोस काय एवढ्याशा ज्योतीला? तो म्हणाला, "ज्योतीक नाय मॅडम. आत दारू आसा ना, ती माका चलना." मॅडम बाहेरगावच्या, त्यांना वाटलं चेष्टा करतोय. त्यांनी त्याला वर्गाबाहेर काढला. तो येऊन गाडीत बसला तेव्हा सुमती ताडताड गेली आणि मॅडमना सगळं समजावून आली. मॅडमनी पुढच्या तासाला मेणबत्ती आणली. जत्रेनंतर मात्र त्याने स्वतः मागून घेऊन तो दिवा पेटवला.

पण मला सांगायचंय ते प्रणिताचं.

प्रणिता केरीची. समुद्राकडची नाही, वर डोंगराच्या बाजूची, तिथे भिरंडाची झाडं आहेत. बाप बोटीवर होता, तिकडेच वारला. आई शालन. बाजारात बसून जिन्नस विकते. मे महिन्यात तिचा सगळा धंदा. पहाटे पहिल्या बसने पेडण्याच्या बाजारात जायची, संध्याकाळी परत. मुलीला दहावीला चांगले मार्क पडले, तिला सायन्सला जायचं होतं. आई म्हणाली, जा, पण सोलां कोण सुकवणार? मुलगी खोटं बोलली. म्हणाली, क्लास आठवड्यात दोनच दिवस असतो, बाकी दिवस मी घरीच.

हे आम्हाला नंतर कळलं. आधी एवढंच की क्लास सुरू झाला आणि ती पहिल्या आठवड्यातच एक दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या थांब्यावर गाडी थांबली तर ती हाताला लाल रस लागलेली, घराकडच्या चढणीवर, घाटीवर उभी. गाडीत चढेना.

सुमती खाली उतरली. "काल खंय होतंस गो?"

"सोलां आसत काकी. कावळे उचलतत. कोणीतरी बसाक व्हया."

"आणि आज नाय इलंस तर?"

"सर नाव कापतले."

मी हॉर्न मारला. मागे पंधरा पोरं घामाने भिजलेली. सुमतीने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मुलीच्या मागून घरात गेली आणि दोघी बाहेर आल्या त्या टोपली, बांबूची दाळी म्हणजे चटई आणि रसाची बादली घेऊन.

मी म्हटलं, "ही बस आसा काय भाजीचो टेम्पो?"

ती म्हणाली, "तुमी रस्त्यार बघा. टपार काय आसा ता तुमका दिसणा नाय."

असं ते सुरू झालं. सोलां करणं म्हणजे भिरंड फोडून बी काढायची, साल मीठ घातलेल्या तिच्याच रसात बुडवून उन्हात घालायची. सुकली की परत रसात, परत उन्हात. साल काळी पडून चामड्यासारखी होईपर्यंत. त्याला दोन गोष्टी लागतात, कडक ऊन आणि राखण. आमची गाडी शाळेच्या मैदानावर दिवसभर उन्हात उभी. पत्रा असा तापायचा की वर हात ठेवता येत नसे. सुमती मागच्या शिडीने टपावर चढायची, साठीला आलेली बाई, पदर खोचून, आणि चटई पसरायची. खाली माझ्या सीटवर बसून टपावर कान ठेवायची. कावळा आला की आतून टपाला काठी मारायची. मी झाडाखाली झोपायचो, तर त्या आवाजाने दचकून उठायचो. म्हटलं, कोणाच्या पोरीसाठी एवढं? म्हणाली, "गाडीत चढता ती आपली." एवढंच. तिला कधी लांब बोलायला लागायचं नाही.

आणि गंमत बघा, शालन बाजारात मिरच्या विकत बसलेली, आणि तिची सोलां तिथून हाकेच्या अंतरावर शाळेच्या बसवर वाळतायत. संध्याकाळी पोरीला उतरवताना टोपली घरात. आई घरी आली की सोलां जागेवर, पोरगी जागेवर.

बरेच दिवस हे बिनबोभाट चाललं. पोरं कोणाला बोलली नाहीत. क्लास संपत आलेला, टेस्ट पुढच्या आठवड्यात. त्या दिवशी सुमती शिडीवरून बादली टपावर ठेवत होती आणि बादलीची कडी निसटली. सगळा रस टपावरून खाली. पिवळी बस, आणि तिच्या काचांवरून, दारावरून लाल ओघळ. मी धावलो ते बायको पडली म्हणून. ती शिडीला धरून उभी होती. "माका काय झाला नाय," म्हणाली, "पण रस गेलो."

तिला रसाचं दुःख. मला फडकं शोधायची घाई. आणि तेवढ्यात गेटबाहेरून कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. कोण होता कळलं नाही, कळला असता तर मी त्यालाच काचा पुसायला लावलं असतं. फोटो फिरला. शाळेची बस, रक्त. आता विचार करा. बाजार जवळ. चहा थंड व्हायच्या आत गेटवर रिक्षा थांबायला लागल्या. एक आई चपला हातात घेऊन आलेली. एक बाप हेल्मेट न काढताच वर्गात शिरायला बघतोय. प्रिन्सिपल सर पायऱ्यांवर उभे राहून ओरडतायत, सगळी मुलं वर्गात आहेत, सगळी सुखरूप आहेत. ऐकतो कोण. बायका गाडीकडे बघून गळे काढतायत.

त्या गर्दीतून शालन आली. डोक्यावर टोपली तशीच. गाडीपाशी आली, थबकली, वास घेतला. मग पुढे होऊन काचेवर बोट फिरवलं आणि तोंडात घातलं. भोवतालच्या बायका किंचाळायच्या बेतात.

"भिरंडाचो रस आसा," ती म्हणाली. मग सुमतीकडे वळून, "मीठ कमी पडलां."

कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसायला लागले, रडणाऱ्यांसकट. गर्दी पांगली. प्रिन्सिपल सर आमच्या दोघांसमोर येऊन उभे राहिले, तोंडाला फेस यायचा बाकी. म्हणाले ते सगळं इथे लिहीत नाही, बरोबरच होतं त्यांचं. गाडी धुवा, आणि उद्यापासून टपावर काही दिसलं तर दोघंही घरी.

ते गेले. शालन गेली नव्हती. ती टपाकडे बघत होती. चटईची कड दिसत होती.

"ती दाळी माझी," ती म्हणाली. "सोलांय माझीच. हंय कशी?"

मी सुमतीकडे बघितलं. म्हटलं, काहीतरी सांगेल, बाईमाणूस आहे, सांभाळून घेईल. तिने सरळ सांगितलं. "तुझा चेडू रोज येता क्लासाक. सोलां मी सुकयतंय."

"रोज?"

"रोज. नाय तर नाव कापतत."

शालनने टोपली खाली ठेवली. "माका खोटा सांगितल्यान तिणां." आणि वर्गाकडे चालायला लागली. मला वाटलं, आता पोरीला हाताला धरून घेऊन जाणार. टेस्ट राहिली, सायन्स राहिलं. सुमती तिच्या मागून गेली, पण तिने तिला धरलं नाही, अडवलं नाही. दोघी खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आत प्रणिताला सरांनी फळ्यापाशी उभं केलं होतं. ती काहीतरी लिहीत होती, मध्ये अडत होती. सर इंग्लिशमधून विचारत होते, ती एक शब्द इंग्लिश, दोन शब्द आपले, असं काहीबाही सांगत होती. मला त्यातलं काही कळलं नाही. त्या दोघींनाही कळलं नसणार. शालन जराशी पुढे झाली आणि मग थांबली. वर्ग चालू असताना आत कसं जायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. किंवा दुसरं काही असेल. ती परत फिरली आणि गाडीपाशी आली. वर बघितलं.

"अशी नाय घालीत गो बाये," ती म्हणाली, "एकार एक. खालची कुसतली."

आणि पदर खोचून शिडी चढली. सुमती तिच्या मागून. दोन बायका माझ्या बसच्या टपावर, आणि मी खाली फडक्याने काचा पुसतोय. प्रिन्सिपल सरांच्या ऑफिसची खिडकी इकडेच. पण वर भांडण जुंपलेलं. मीठ किती, रसात किती वेळ, उलटायचं कधी. शालन म्हणत होती, तुमच्या शिरगावाकडे भिरंडाचं काही कळत नाही. सुमती म्हणत होती, कळत नाही तर मग एवढी काळी कशी झाली ही, बघ ही, खाऊन बघ.

मग भांडण थांबलं. चटई सरकवल्याचा आवाज तेवढा. मग शालनचा आवाज, हळू.

"सायन्स केल्यार ती हंय रवतली काय गो?"

मी फडकं थांबवलं. आता सुमती म्हणेल, राहील गं, कुठे जाते. कोणीही तेच म्हणालं असतं.

"नाय रवाची," सुमती म्हणाली. "माझो झील नाय रवलो."

वरून परत चटईचा आवाज. नंतर शालन म्हणाली, "मगे कित्याक शिकवलंस?"

"तो इचारीत होतो ता माका सांगूक येईना. मगे सांगणाऱ्याकडे धाडलो."

मी परत काच पुसायला लागलो. आमच्या मुलाबद्दल सुमती माझ्यापाशी एवढं कधी बोलली नव्हती. मला वाटायचं तिला त्याचा राग आहे. आता विचारायला गेलं तर कोणाला विचारू. थांबा, जरा उठून येतो.

हां. तर त्या दुपारी क्लास सुटला. पोरं चढली. प्रणिता दारापर्यंत आली आणि आईला गाडीत बसलेली बघून तिचा पाय पायरीवरच राहिला. शालन सुमतीच्या जागेवर, दाराजवळच्या सीटवर बसली होती, मांडीवर सोलांची टोपली. तिने पोरीकडे बघितलं आणि म्हणाली, "चढ. मागे पोरां खोळंबली." दुसरं काही नाही. पोरगी मागे जाऊन बसली.

गाडी मी कितीही घासली तरी त्या आंबट रसाने रंग खाल्ला तो खाल्लाच. दारावर गुलाबी पट्टे राहिले. पोरं वर्षभर गाडीला सोलकढी म्हणत होती. प्रणिता टेस्टमधून सुटली, काठावर. सायन्स झाली, आता शिकायला बाहेर आहे, सुट्टीला येते म्हणतात. सुमती गेल्यावर ती भेटायला आली होती, आईबरोबर. बसली, चहा घेतला.

लोक विचारतात, एवढी वर्षं गाडी चालवलीत, काय लक्षात राहिलं? मला तो थांबा आठवतो. टेस्ट अजून व्हायची होती, पास होईल की नाही कोणाला माहीत नव्हतं. गाडी केरीला थांबली. पोरगी खाली उतरून पुढे चालायला लागली. शालन टोपली डोक्यावर घेऊन पायरीवर आली. सुमती दार धरून उभी. शालनने तिच्याकडे न बघता विचारलं, "जूनात गाडी कितक्याक येता?"

सुमतीला रोज विचारतात तो प्रश्न. झोपेतही सांगेल. तिच्या तोंडातून शब्द येईना. मी वाट बघितली आणि मग पुढून मीच सांगितलं, "सातांच्या आदी. रस्त्यार येवन रवाक सांग, मी थांबणा नाय."

"रवतली," शालन म्हणाली, आणि घाटी चढायला लागली.

मी गाडी गिअरमध्ये टाकून थांबलो. पत्र्यावर हात पडेना. मान वळवून बघितलं तर सीट मोकळी झाली होती, आणि ही अजून दार धरून उभीच होती, त्या दोघींच्या मागे बघत. पोरं म्हणाली, काका, चला. मी म्हटलं, गप्प बसा रे, काकीला बघू द्या.